पहिला खिळा

शुक्र. २ जाने. ९८, डाळज

बॅगा तिसऱ्यांदा भरल्या. वजनकाटा किराणा दुकानातून उसना आणलेला. मी बॅग उचलून काट्यावर उभी, आई आकडा वाचतेय, आणि दरवेळी जास्तच. लोणचं निघालं, पुस्तकं निघाली. साहेबांचा फोटो निघाला नाही. निळा कोट, हातात पुस्तक, काच नवी बसवलेली. आबा त्यांना नुसतं साहेब म्हणतात. आमच्या घरात दुसरे साहेब नाहीत.

आबांनी फोटो स्वतः माझ्या दोन सुती साड्यांत गुंडाळला. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण घरात बोली गावचीच. "ह्यो हातातल्या पिशवीत. खालच्या ब्यागा मानसं फेकत्यात. आन् तितं घरात गेलीस की पयला खिळा ह्येचा. मंग बाकीचं."

हो म्हटलं. त्यात काय अवघड आहे?

काल इंदापूरच्या शाळेत निरोप. सातवीतल्या एकीने विचारलं, "बाई, तितली मान्सं खाली डोकं वर पाय असत्यात का वो?" सगळ्या हसल्या, मीही. पण खरं सांगायचं तर मलाही जाऊन बघायचंच आहे.

गुरु. २२ जाने., ॲडलेड

आलो. नवरा, अशोक (यापुढे अ., शाई वाचेल), मंगळवारपासून कामावर. धान्याची प्रयोगशाळा, घरापासून बसने जवळ. घर बैठं, विटांचं, पुढे-मागे अंगण. भाड्याचं.

दुपारी अंगणात उभी राहिले तर सावली दक्षिणेला. सूर्य उत्तरेकडून! सात वर्षं भूगोल-विज्ञान शिकवलं, फळ्यावर आकृत्या काढल्या, पोरींना पाठ करायला लावलं. आणि आज प्रत्यक्ष बघून येड्यासारखी उभी. पलीकडच्या अंगणातली म्हातारी बघत होती. तिला वाटलं असेल काहीतरी हरवलंय माझं.

गाव केवढं गप्प! फ्रिजचा आवाज ऐकू येतो. गल्लीत कोणी दार लावलं तर कुणाचं ते कळतं.

शनि. २४ जाने.

अ.ला म्हटलं हातोडी आण. त्याने भाडेकरार पुढे केला. भिंतीला खिळा, हूक, स्क्रू काही मारायचं नाही, एजंटची लेखी परवानगी लागते. दर तीन महिन्यांनी एजंटबाई येऊन भिंती तपासणार. आमच्याकडे भाडेकरू खिळ्याला विचारतो का कधी?

फोटो सध्या आतल्या खोलीत, कपाटावर टेकून. परवानगी मागू पुढच्या आठवड्यात.

शनि. ७ फेब्रु.

आजचा दिवस लिहायलाच हवा.

बाजारात गेले. मोठा, छपराखालचा. भाजीवाले इटालियन, ग्रीक, व्हिएतनामी, ओरडण्यात आपल्या इंदापूरच्या रविवारच्या बाजाराला हार जाणार नाहीत. जीव थंड झाला. टोमॅटो, बटाटे, फ्लॉवर घेतला, पैसे दिले, आणि पिशवी तशीच उघडी धरून उभी राहिले. भाजीवाला बघतोय. मीही बघतेय. मग मीच कोथिंबिरीकडे बोट दाखवून म्हटलं, वरून थोडी. आणि चार मिरच्या. त्याने कोथिंबिरीची किंमत सांगितली. मी म्हटलं, नाही नाही, एवढी भाजी घेतली ना तुमच्याकडून! तो मदतीला कोणी आहे का बघू लागला.

मागून हसण्याचा आवाज. "अगं बाई, हितं वरनं कोथमीर मिळत न्हाय! मी बी पयल्यांदा अशीच पिशवी पसरून हुबी व्हते."

हितं! न्हाय! ॲडलेडमध्ये! मी वळून त्या अनोळखी बाईचा हातच धरला.

वैशाली. बारामतीच्या अलीकडच्या गावची, इथं पाच वर्षं झाली, नवरा संजय इंजिनियर. बी.कॉम. आहे, पण म्हणते गावचं माणूस भेटलं की गावचीच बोली, नाहीतर तोंड आंबतं. "तुमी कुठल्या?" डाळजची म्हटलं. "अगं बया, भिगवनला आमची आत्या दिलीया! आडनाव?"

गायकवाड.

"गायकवाड व्हय? मंजी आपलेच की."

गायकवाड मराठ्यांतही असतात, आमच्यातही. ती कुठलं धरतेय ते मला कळलं, आणि ते बरोबर नाही हेही कळलं. मी काय केलं? हसले. तिने स्वतःच्या पिशवीतली अर्धी जुडी कोथिंबीर माझ्या पिशवीत घातली.

रवि. १ मार्च

वै.ने बसचे रस्ते दाखवले, मसाल्याचं दुकान दाखवलं, ज्वारीचं पीठ कुठे मिळतं ते दाखवलं. रोज फोन. काल माझ्याकडून भाकरी थापून घेतल्या, तिला जमत नाहीत. "बारामतीची असून?" म्हटलं तर म्हणे, "आईनं लय लाडात वाढवलं, त्येची फळं."

खूप आवडते मला. तिच्याशिवाय इथं काय केलं असतं कळत नाही. म्हणूनच ते "आपलेच" मधून मधून टोचतं.

तिला नेहमी तिच्याच घरी किंवा बाजारात भेटते. आपल्या घरी बोलवत नाही, हे आज लक्षात आलं. अ.ला सांगितलं. तो म्हणाला, "आपण इथं लपायला आलो नाही, आणि पाट्या लावायलाही नाही. कळेल तेव्हा कळेल." मग हळूच, "भिंत तरी कुठं आपली आहे?"

गुरु. १९ मार्च

आबांचा फोन. इंदापूरच्या एस.टी. स्टँडाजवळच्या बूथवरून. मीटर पळत असतो म्हणून ओरडून आणि भराभर. तब्येत, आईचा गुडघा, धरणाचं पाणी. शेवटी, "लावला का?"

"जागा बघतेय आबा."

"जागा? किती मोटं हाय घर?"

फोन कटला. बरं झालं कटला.

चंद्र बघितला. इथं ससा उलटा दिसतो, डोकं खाली. सातवीच्या पोरींना कळवायचंय, की उलटी माणसं नाहीत, उलटा ससा आहे.

मंगळ. १४ एप्रिल

सकाळी खीर केली. कपाटावर फोटोपुढे मेणबत्ती लावली. पडदे आधीच ओढलेले होते, मी मुद्दाम ओढले नव्हते. मग वाटलं, मुद्दाम उघडलेही नाहीत. डाळजला आज सकाळपासून लाउडस्पीकर, नवे कपडे, आबांचं भाषण. तेच भाषण दरवर्षी, आणि आई दरवर्षी रडते.

फोन वाजला. वै. "काय करतीस?"

"खीर केली."

"खीर? आज काय हाय?"

"असंच."

फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. आजच्या दिवशी मी "असंच" म्हणाले. आबांना कळलं तर काही बोलणार नाहीत ते, नुसते माझ्याकडे बघतील.

तोंड धुतलं आणि एजंटला परवानगीसाठी लिहिलं. अ. संध्याकाळी आल्यावर खीर खाताना सांगितलं. "टाक पोस्टात," म्हणाला. वाद नाही घातला.

बुध. २९ एप्रिल

परवानगी आली! बैठकीच्या खोलीत एक हूक. घर सोडताना भोक बुजवून रंग द्यायचा. बास, एवढंच होतं. तीन महिने मी कशाला घाबरले होते? एजंटला तर नक्कीच नाही.

वै.चा फोन. तिचे वडील, तात्या, येताहेत दोन महिन्यांसाठी. आई गेल्यापासून एकटे आहेत. "तुला भेटून लय खूश व्हतील बघ. डाळज-भिगवन समदं फिरल्यात. कुनाचं कोन, समदं त्येंला म्हाईत."

म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत "कुठल्या गायकवाड?". माझ्या आधी तात्या सांगणार तिला. नको. मीच.

शनि. २ मे

ठोकला. शेजारच्या म्हातारीने, मार्गारेटने, हातोडी दिली. बरोबर लिंबंही दिली, इथं लिंबं घेतल्याशिवाय सोडत नाही ती. भिंत बाहेरून विटांची, आतून पोकळ, पहिला घाव जरा जास्तच बसला. अ. खाली उभा राहून "डावीकडे, अजून डावीकडे".

दारातून आत आलं की समोर. मार्गारेट फोटो बघून म्हणाली, तुझे आजोबा का? म्हटलं, तसंच काहीसं. मग बसवून सगळं सांगितलं. चहा गार झाला तरी ऐकत होती. किती सोपं होतं तिला सांगणं!

रवि. १० मे

वै.ला जेवायला बोलावलं, एकटीलाच. संजयने तिला गाडीने आणून सोडलं.

ती आत आली, चप्पल काढली, वर बघितलं. मग माझ्याकडे. मी तिच्या तोंडाकडे इतकी निरखून बघत होते की मलाच लाज वाटली. पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. महिनोन् महिने तेवढंच तर जाणून घ्यायचं होतं.

"छान लावलाय," म्हणाली. आणि सरळ स्वयंपाकघरात गेली, झाकणं उघडून बघायला.

जेवली, दोनदा वाढून घेतलं. तात्यांसाठी स्वेटर कुठून घ्यायचे, त्यांना विमानातलं खाणं चालेल का, सगळ्या गप्पा. मला वाटलं, झालं. एवढंच होतं. उगाच घाबरले. मनातल्या मनात आबांना पत्र लिहायलाही घेतलं.

जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "मला काय न्हाय गं. माजं तसलं कायच न्हाय, तुला म्हाईतच हाय. पन तात्या जुन्या वळनाचं. त्येंला घिऊन यीन तवा… तेवढा एक दिस आतल्या खोलीत ठिवशील? खिळा ऱ्हाऊ दे तसाच."

ती पुढे म्हणाली, "आदी सांगायचंस की गं."

"सांगितलं असतं तर?"

बाहेर संजयने हॉर्न वाजवला. गेली.

राग आला. अजून आहे. खूप आहे. आणि तरी आतून वाटतंय की ती उद्या फोन करेल तर बरं. या दोन गोष्टी एकदम वाटू शकतात हे मला माहीत नव्हतं.

बुध. १३ मे

फोन नाही. मीही केला नाही.

अ. म्हणाला, "एक दिवसाचा तर प्रश्न आहे." मी बघितलं त्याच्याकडे. "नाही, मी फक्त तिच्या बाजूने बोलून बघत होतो," म्हणाला. मग खुर्चीवर चढून फोटोची काच पुसली. धूळ काही नव्हती.

मंगळ. १९ मे

तात्या रविवारी आलेत. आज मीच फोन केला. मनात घोकून ठेवलं होतं, तेवढंच बोलले. "वैशाली, या रविवारी तिघं जेवायला या. फोटो आहे तिथंच राहील."

ती म्हणाली, "बगते."

मागून खोकला आणि आवाज, "कोन गं?"

"मैत्रीन. डाळजची."

"डाळजची? आन की मंग हिकडं फोन!"

वै. काही पुटपुटली, पण फोन तोवर त्यांच्या हातात गेला होता. "पोरी, बरं झालं बग. हितं वळकीचं कोन न्हाय. समदं गपगार. कावळं बी रडल्यागत वरडत्यात!" मला हसूच आलं. कावळे खरंच तसे ओरडतात इथले, पहिल्या दिवशी मीही दचकले होते. दहा मिनिटं आधी ज्यांचा राग करत होते तेच हे म्हातारे. "डाळजला कुनाच्यात तू?"

आला प्रश्न.

"बौद्धवस्तीत, तात्या. मारुती मास्तरांची थोरली."

लाइन कटली की काय असं वाटलं. नव्हती कटली, खोकला ऐकू आला.

"मारुती मास्तर," ते म्हणाले. नुसतंच नाव. ओळखतात की नाही, काही कळलं नाही. मग, "धरनाचं पानी कुठवर हाय औंदा?"

"उतरलंय, तात्या. जुन्या वाटा उघड्या पडल्यात म्हणे."

"व्हय. उन्हाळ्यात पडत्यात." फोन वै.कडे. ती म्हणाली, "ठिवते," आणि ठेवला.

मग लक्षात आलं, भूक लागली होती, चांगलीच.

रवि. २४ मे

त्यानंतर काही निरोप नाही. "येतो" नाही, "येत नाही" असंही नाही. थंडी पडलीय, पाऊस बारीक.

सकाळपासून स्वयंपाक. भरली वांगी, भाकरी, शेंगांची चटणी. येतील की नाही, आले तर तात्या कुठल्या खुर्चीत बसतील, आधी वर बघतील की आधी माझ्याकडे? भीती वाटतेय, पण त्याहून जास्त बघायचंय. अ. म्हणतो, ही तुझी जुनी खोड, भोवऱ्यात बोट घालून बघायची.

त्यानेच विचारलं, ताटं किती मांडू? ती तिघं, आम्ही दोघं. पाच मांड म्हटलं. उरली तर धुवायला मी आहे.

गाडी आली. आमच्याच दाराशी थांबली.

गाडीचं एक दार वाजलं. दुसरं वाजलं. तिसऱ्यासाठी कान लावून बसायचं नाही. उठते.