चांदोदच्या लाँचचा काटा

१ जानेवारी १९९५, रविवार. सकाळी ६.१०
नवीन डायरी. ठराव तीनच. एक, रोज पाऊण तास चालणे. दोन, मूर्खांशी वाद नाही. तीन, मानसिंगरावाच्या लाँचचे फ्युएल गेज दुरुस्त करणे.
मानसिंगराव म्हणजे निरुपमाचा धाकटा भाऊ. हल्ली बडोद्यात हातात पैसा आला की माणूस गाडी घेतो. याने भरुचच्या लिलावात जुनी डिझेल लाँच घेतली आणि चांदोदला नर्मदेत बांधून ठेवली. गेजचा काटा मेलेला. २९ तारखेला सासऱ्यांना, म्हणजे नानांना, पंचाहत्तर पुरी होतात. त्यांना लाँचने संगमावर न्यायचे, तिथे स्नान. मी काल सगळ्यांसमोर सांगितले, गेज माझ्याकडे लागले. नाना पेपरातून मान वर न करता म्हणाले, मेकॅनिक मिळत नाही का?
नाना बडोदे संस्थानाच्या वेळचे शिक्षणखात्यातले अधिकारी. डिग्रीशिवाय माणूस यांना दिसतच नाही. बावीस वर्षे माझी ओळख करून देतात ती अशी: हे निरुपमाचे यजमान, मकरपुऱ्याला कारखान्यात असतात. मी जे शिकलो ते मशिन उघडून शिकलो, हे कोण सांगणार? २९ला गेजच सांगेल.
चालणे उद्यापासून.

८ जानेवारी, रविवार
चांदोद. बस डभोईला अडतीस मिनिटे नुसती उभी. लाँच भीखाभाई माछी सांभाळतो. डिझेल मोजायला याच्याकडे काय, तर बांबूची काठी! टाकीत बुडवायची आणि कुठवर ओली झाली ते बघायचे. काठीवर चाकूने पाडलेल्या चार खाचा, त्यातल्या दोन तिरक्या. घरोघरी केबल टीव्ही आला, हा अजून काठी बुडवतो आहे.
तपासणी पद्धतशीर केली. बॅटरी १२.४ व्होल्ट. फ्लोटची, म्हणजे टाकीत डिझेलवर तरंगणाऱ्या गोळ्याची, वायर सोडवून बॉडीला टेकवली, काटा टुणकन फुलवर. म्हणजे मीटर ठणठणीत, टाकीतला फ्लोट गेलेला. निदानाला लागलेला वेळ अकरा मिनिटे. भीखाभाई माझ्याकडे बघत होता. कौतुकाने असावे.

११ जानेवारी, बुधवार
मकरपुऱ्याच्या भंगारवाल्याकडे जीपचा फ्लोट मिळाला. स्क्रूची भोके दीड मिलीमीटरने चुकत होती, कानशीने जमवली.
मोहना आणि जावई जेवायला. अनीश इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनियर, वाघोडियाला नोकरी. घरचा फ्यूज मोहना बदलते. म्हणाला, बाबा, फ्लोट आणि मीटर जोडीचे लागतात. काहींत टाकी भरली की रेझिस्टन्स वाढतो, काहींत कमी होतो. बसवण्याआधी एकदा ओहम मोजून घ्या. मी म्हटलं, कढी घे.
चालणे बंद. गुडघा.

१४ जानेवारी, शनिवार. उत्तरायण
सगळे बडोदे पतंगांपायी गच्चीवर चढून किंचाळते आहे. मी चांदोदला, कामावर. फ्लोट बसवला, स्विच टाकला, काटा थेट फुलवर. पहिल्या प्रयत्नात! भीखाभाईने काठी बुडवली आणि म्हणाला, साहेब, टाकी तो खाली छे, म्हणजे रिकामी. मी म्हटलं, भाई, टाकी नहीं, तारी काठी खोटी छे.
तरी त्याने हट्टाने अख्खा कॅन ओतला. तो ओततो आहे आणि काटा खाली, खाली, पावावर!
परतताना बसमध्ये उलगडा झाला. टाकीला तळाशी नळ आहे. वरून ओतायचे, खालून काढायचे. इतकी वर्षे हे चालले असणार. माझे गेज नसते तर कळलेही नसते.

१७ जानेवारी, मंगळवार
मानसिंगरावाला फोन. सांगितले, तुझा माणूस डिझेल चोरतो, पुरावा काटा. तो म्हणाला, दाजी, काहीतरीच काय, तीन वर्षांत एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. भोळा! निरुपमा म्हणाली, अहो, नानांच्या वाढदिवसापर्यंत तरी भांडण उकरू नका. ठराव दोन माझाच आहे. तिने आठवण करून द्यायची गरज नव्हती.

२२ जानेवारी, रविवार
ट्रायल. दोन तास नदीत. निघताना काटा पावावर, परतलो तेव्हा पाऊणवर. याला म्हणतात दरारा! चोरलेले डिझेल भीखाभाई माझी पाठ वळली की गुपचूप परत ओततो आहे. तोंडावर विचारले. कपाळावर हात मारून म्हणाला, साहेब, ऊंधुं बतावे छे, ऊंधुं. काटा म्हणे उलटा चालतो. चोराला तसेच दिसणार. काठी काढून घेतली आणि लाँचच्या कपाटात कुलपात घातली. किल्ली माझ्याकडे.

२८ जानेवारी, शनिवार
मानसिंगरावाचा चांदोदहून फोन. परवाच्या सुट्टीत त्याचे मित्र लाँच फिरवून गेले. काटा आता फुलच्याही पुढे आहे, पण भीखाभाई भरू या म्हणतो, काय करू दाजी? मी म्हटलं, एक थेंब नाही, सांडेल.
उद्याचे वाक्य तयार: नाना, साधेच काम होते.

२९ जानेवारी, रविवार. ११.३५
लाँचमध्ये बसून लिहितो आहे. वेळ आहे.
१०.२५ला निघालो. नानांना गेजसमोर बसवले. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिले आणि म्हणाले, फुल दिसतंय. छान. छान! बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी वाक्य म्हणून घेतले.
१०.५०. संगमाच्या अलीकडे इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद. काटा फुल. मी म्हटलं, फिल्टर. फिल्टर खोलला, स्वच्छ. म्हटलं, हवा धरली असेल. भीखाभाई नदीकडे बघत विडी ओढत होता. नाना म्हणाले, या माणसाची काठी कुठे आहे?
किल्ली चटकन सापडली नाही. शर्टाच्या खिशात होती, आधी पँटचे पाहिले. नानांनी काठी स्वतः बुडवली. वर काढून तिच्यावरून बोट फिरवले, बोट पाहिले, मग काठी माझ्या हातात दिली. कोरडी. टोकाला थोडा गंज.
अनीश पाठमोरा बसला आहे. खांदे हलताहेत.

३० जानेवारी, सोमवार
होडीवाल्याने काल दोराने ओढून आणले. संगम राहिला. नानांनी लाँचच्या कडेला बसून लोट्याने नर्मदा अंगावर घेतली. होडीवाल्याने माझ्याकडे बोट करून विचारले, हे कोण? नाना म्हणाले, निरुपमाचे यजमान. कारखान्याचे काही बोलले नाहीत.
घाटावर भीखाभाईला काठी परत केली. तिच्या खाचा फारच ढोबळ आहेत. मी म्हटलं, दे इकडे, घरी नेऊन मोजून आखून देतो.
भीखाभाईने काठी पाठीमागे धरली.