माणिकप्पांनी काढलेली रांग

लातूर, ता. ३ एप्रिल १९८३

ती. दादास सौ. मिनीचा शि. सा. न. वि. वि.

नवा जिल्हा झाला, ह्यांची उस्मानाबादहून इथल्या कचेरीत बदली झाली आणि गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आम्हाला तीन खोल्या मिळाल्या. पाण्याचे फार हाल आहेत. टँकर एक दिवसाआड येतो. बाकी सगळे खुशाल.

तुला एक विचारायचंय, हसू नकोस. आपल्या घरात दुकानांच्या कॅलेंडरांशिवाय चित्र असं कधी लागलंच नाही. मला वाटतं, घरखर्चातून थोडं बाजूला टाकून वर्षाला एक खरं चित्र घ्यावं. पण चित्र निवडतात कसं? चांगलं कोणतं हे कळतं कसं? तू ड्रॉईंग मास्तर, तेव्हा तूच सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मिनी

*

कंधार, ता. १२ एप्रिल १९८३

चि. सौ. मिनीस अनेक आशीर्वाद.

हसलो नाही, पण तुझं पत्र तुझ्या वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. वीस वर्षांच्या नोकरीत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

छापील मोठं चित्र घेऊ नकोस. हातानं काढलेलं, वहीएवढं का असेना, ते घे. त्याचा अर्थ काय हे आधी विचारू नकोस. बघून परत निघालीस आणि रस्त्यातून मागं फिरावंसं वाटलं, तर ते तुझं. गावात चित्रकार नाहीत असंही म्हणू नकोस. दुकानांच्या पाट्या कोण रंगवतं, त्याच्याकडे जाऊन बघ.

रेणुकादासरावांना सप्रेम नमस्कार. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझा मार्तंड

*

लातूर, ता. ९ मे १९८३

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. इथं माणिकप्पा म्हणून पेंटर आहेत. सध्या त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, कारण गावातल्या झाडून सगळ्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ पुसून ‘जि. लातूर’ लिहायचंय. दुकानात कोपऱ्यात पत्र्याचे तुकडे उलटे ठेवले होते. मी एक वळवून बघितला, तर आडावर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांची रांग. आडासमोरच्या शाळेची पाटी रंगवताना बसल्या बसल्या काढली, म्हणे. मी विकत मागितलं तर ते बावरलेच. आजवर अक्षरांशिवाय त्यांचं काही कुणी घेतलं नव्हतं.

हे म्हणाले, दुष्काळ दारात आहे, तो भिंतीवर कशाला? तरी मी लावलंच. मग गल्लीतल्या बाया येऊ लागल्या. कुणी आपली घागर ओळखते, कुणी जावेची पाठ. काल शेजारच्या कमलम्मा आल्या, बघता बघता मटकन खाली बसल्या. ही माझी माय हाय, म्हणाल्या. उजवा हात मोडलेला, म्हणून घागर डाव्या कमरेवर, पदर कानामागं खोचलेला. त्यांची आई फाल्गुनात गेली. घरात तिचा एकही फोटो नाही.

त्यांनी काही मागितलं नाही. पण दादा, हे चित्र आता माझ्याकडे कसं ठेवू?

तुझी मिनी

*

कंधार, ता. १८ मे १९८३

चि. सौ. मिनीस अनेक आशीर्वाद.

रांगेत किती जणी आहेत? ऊन कोणत्या बाजूनं आहे? माणिकप्पा पाटीचाच रंग वापरतात का? सगळं कळव.

देण्याविषयी म्हणशील तर, देऊ नकोस. तू लहान होतीस तेव्हा मी बाबांचं एक चित्र काढलं होतं. काकांनी मागितलं, मी दिलं. बाबा गेल्यावर मागायला गेलो तर ते त्यांच्या घरात सापडलंच नाही. कमलम्मांना रोज येऊन बघू दे. हे तुला कठोर वाटेल, पण मी पोळलेला माणूस आहे.

राग धरू नकोस, जीव लावत राहा.

तुझा मार्तंड

*

लातूर, ता. २ जून १९८३

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशीच मी चित्र देऊन टाकलं होतं. बाबांचं मला ठाऊक नव्हतं. असतं, तरी दिलंच असतं.

चौथ्या दिवशी कमलम्मा पत्रा पदराखाली धरून परत आल्या. मला वाटलं, काही बिनसलं. तर म्हणाल्या, घरी माय एकटी पडली, बाई. दार लावून मी नुसती रडत बसले. तुमच्याकडं बाया येतात, पाण्याचं बोलतात, हसतात. माय हितंच बरी हाय.

फक्त एक मागणं मागितलं. त्यांचे गुडघे दुखतात, उभं राहून बघवत नाही. ह्यांनी उठून खिळा उपटला आणि पार खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर येईल असा ठोकला.

रांगेत अकरा जणी आहेत. ऊन डावीकडून आहे. रंगाचं माणिकप्पांना विचारते. सुट्टी संपायच्या आत येऊन जा. आमच्याकडे चित्र बघायचं तर आता भुईवर बसावं लागतं, आणि एकदा बसलेलं माणूस लवकर उठत नाही.

वाट बघते.

तुझी मिनी