पाहुण्याला ‘जा’ म्हणता येत नाही

आदरणीय दादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा मनापासून नमस्कार. पानगळ संपून नवी पालवी आली होती तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी मी देवाची प्रार्थना आटोपली, तांब्यात उरलेलं पाणी रोजच्यासारखं दाराबाहेर ओतलं, आणि डोळे नीट उघडायच्या आत एका झाडाचा यजमान झालो. पण मी फार पुढचं सांगायला लागलो. आधी ख्यालीखुशाली. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला गेला का? अंगणातली फरशी दुपारी अजून तशीच तापते का? आम्ही गेल्या वर्षी धाडलेली सावली मधोमध विरली असं तुम्ही कळवलंत, त्याचं फार वाईट वाटलं. (सावली विकणारा म्हणतो, भर उन्हात घडी केली असेल. तुम्ही असं काही कराल हे मला पटत नाही, पण आपला माल वाईट असं कोणता दुकानदार म्हणतो?)

तुमच्या नव्या शेजाऱ्यांनी विचारलं की बहीण दिली तो मुलूख आहे तरी कसा, आणि तुम्हाला ‘झाडंच झाडं’ याच्यापुढे काही सांगता आलं नाही. त्यात तुमचा दोष नाही. लग्नात तुम्ही आलात आणि त्याच संध्याकाळी परत निघालात, कारण तुमचा जोडा ठेवला होता तिथे दुपारी झाड येऊन उभं राहिलं होतं. तर त्यांना सांगा, की आमचं रान उतारावर आहे. वरच्या अंगाला कायम धुकं असतं आणि तिथल्या बाया ते चातीवर कातून सूत काढतात. त्याचं कापड अंगावर मऊसूत लागतं, मात्र ऊन पडलं की विरून जातं. (आमच्या पंचांनी एकदा नवा सदरा घालून भर दुपारी सभा घेतली. सभा लवकर आटोपली.) खालच्या अंगाला नदी आहे. ती सकाळी खाली वाहते आणि दुपारनंतर वर, त्यामुळे नावाडी जन्मात वल्हं मारत नाही. फक्त घाईच्या माणसाला तो नावेत घेत नाही, कारण घाई ऐकली की नदी थबकते असं त्याचं म्हणणं. मधल्या पट्ट्यात आमचं गाव. इथे कोळसेवाले आहेत, त्यांनी झाडानं आपणहून टाकलेली फांदीच भट्टीला लावायची असा नेम आहे. म्हणून ते दिवसभर वर बघत हिंडतात आणि घरी बायको बोलायला लागली तरी आढ्याकडेच बघतात. सावली विकणारे संध्याकाळी लांबलेल्या सावल्या कापून, चटईसारख्या गुंडाळून तुमच्याकडच्या मैदानी बाजारात नेतात.

आणि माझं काम तुम्हाला ठाऊक आहेच. आमची झाडं जागा बदलतात. कुणी बघत असलं की हलत नाहीत, पाठ फिरली की चार पावलं टाकतात. त्यामुळे कालची वाट आज असेलच असं नाही. मी रोज सकाळी रानात फेरी मारून त्या दिवसाची वाट दोरी बांधून दाखवतो. अख्ख्या गावात कोणतं झाड कुठे आहे हे विचारायचं तर मला. आणि माझ्याच दारात झाड येऊन उभं होतं ते मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खरं सांगायचं तर काहीतरी उंच उभं आहे एवढं दिसलं होतं, पण मला वाटलं कोळसेवाला शेजारी विस्तव मागायला आला असेल. तोही तसाच उंच, काळा आणि न बोलणारा आहे.

आता आमच्याकडची रीत अशी, की दारात आलेल्या झाडाच्या मुळावर घरधन्यानं स्वतःच्या हातानं पाणी घातलं की ते त्या घरचा पाहुणा झालं. पाहुणा झाला की त्याच्यासमोर लाकूड जाळायचं नाही, कारण ते बरं दिसत नाही. म्हणजे चूल बंद. मी तांब्या हातात घेऊन उभा, समोर ओलं मूळ, आणि मागून तुमची बहीण विचारतेय, “कोण आलंय?” मी म्हटलं, “पाहुणे.” ती म्हणाली, “मग चहा टाकते.” यानंतरचं पाव तासाचं बोलणं मी लिहीत नाही, तुम्ही तिचे भाऊ आहात.

त्या दिवसापासून आमच्या घरी गारढोण कारभार सुरू झाला. भिजवलेलं खायचं, कच्चं खायचं, नाहीतर शेजारी कोळसेवाल्याच्या घरी ताट घेऊन जायचं. त्यानंही माणुसकी म्हणून भट्टी घरामागे नेली, आणि धूर निघाला की मोठ्यानं खोकायचा, म्हणजे झाडाला वाटावं की याचीच छाती खराब आहे. तुमची बहीण चौथ्या-पाचव्या दिवशी ताट खाली ठेवून म्हणाली, “पाहुणा तुमचा आणि उपास माझा. हे झाड इथे पुढचा महिना बघणार असेल तर मी बघणार नाही. मी दादाकडे जाते.” दादा, ती बोलते तसं करते हे मी तुम्हाला काय सांगावं. लहानपणी रुसून ती नदीनं (आमचीच ती, पुढे तुमच्या गावावरून जाते) गेली होती, आणि दुपारी नदीच उलटी वाहिली म्हणून परत आली, ही गोष्ट तुम्हीच मला सांगितली आहे.

तेव्हा पाहुण्यानं आपणहून उठावं म्हणून आम्ही जे जगात सगळे करतात ते केलं. आधी त्याच्यासमोर बसून जांभया दिल्या. त्याला वाटलं असावं की इथे झोप चांगली लागते. त्यानं ओसरीच्या फरशीखाली आणखी एक मूळ सारलं. मग आम्ही दोघं त्याला ऐकू जाईल अशा आवाजात घरच्या ओढाताणीबद्दल बोललो. धान्य संपत आलंय, छपराला भोकं पडलीत, पाहुणचार कसा करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीभर त्याची फळं पडलेली. दया आली त्याला आमची. (फळं इतकी आंबट, की तुमची बहीण एक खाऊन अर्धा दिवस काही बोलली नाही. तेवढ्यापुरता मी त्या झाडाचा ऋणी आहे.) शेवटी आम्ही गाठोडी बांधली, दाराला कुलूप लावलं, ‘गावाला चाललो’ असं जाहीर केलं आणि कोळसेवाल्याच्या माळ्यावर जाऊन बसलो. परत येऊन बघतो तर झाड ओसरी ओलांडून थेट दारात, दोन्ही फांद्या कुलपावर. घर राखत होतं बिचारं.

तेव्हापासून ते स्वयंपाकघरात शिरू नये म्हणून आळीपाळीनं त्याच्याकडे बघत बसावं लागलं. माझी पाळी असली की डोळा लागायचा आणि ते वीतभर सरकायचं. तुमची बहीण बसली की पानसुद्धा हलत नसे. त्या नजरेपुढे झाड काय, आमची नदीही थांबली असती. एवढं पुरेसं नव्हतं म्हणून की काय, एक बारीक, काटकुळं झाड विहिरीआडून डोकावून आमच्या पाहुण्याकडे सारखं झुकून बघायला लागलं. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. एका वेळी एक संकट पुरे.

अखेर गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे गेलो. त्यांना आम्ही म्हातारबा म्हणतो. ते धुक्याचं पांघरूण घेऊन बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, “पाहुण्याला जा म्हणता येत नाही रे. फक्त चला म्हणता येतं.” म्हटलं, “कुठे चला?” तर म्हणाले, “ते यजमानाला माहीत. आणि आधी हे बघ, की ते आलं कशाला.” एवढं बोलून त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं.

मी घरी येऊन त्या झाडाखाली बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बसलो, बघा. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. वर पानं अगदी हलकी सळसळली आणि सावली माझ्या अंगावर नीट पसरली, घरातलं कुणी पांघरूण घालावं तशी. मग माझ्या ध्यानात आलं. रानात झाडाच्या सावलीचं कौतुक कोण करणार? तिथे सगळीच सावली. म्हातारं होत आलेलं झाड, कुणीतरी आपल्याखाली बसावं म्हणून माणसाच्या दारापर्यंत आलं होतं. आपली सावली कुणाच्या तरी कामी यावी असं कुणाला वाटत नाही? देवानं त्याला ती दिली ती नुसती जमिनीवर पडून राहायला नव्हे. मी हे तुमच्या बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, “ते सगळं खरं. पण चुलीचं काय?”

असो. आता सगळं ठीक आहे. काळजी नसावी. घरात चूल पेटली आहे आणि तुमची बहीण हसतमुख आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
दाजी

ता. क. – तुमच्या अंगणाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात पूर्वी दगडांचा ढीग होता. तो अजून असल्यास कृपा करून हलवावा.

ता. क. दुसरा – हे पत्र मी घरून लिहीत नाही. तुम्ही लग्नातून परतताना, अनवाणी का होईना, प्रेमानं म्हणाला होतात, “दाजी, आमच्याकडे उन्हानं जीव जातो. रानातलं काहीतरी पाठवत जा.” तुमची बहीण म्हणाली, “दादा रागावेल.” मी म्हटलं, “रागावेल, पण सावलीत बसून रागावेल.” तेव्हा मी उठून पाहुण्याला ‘चला’ म्हटलं आणि पुढे चालू लागलो. मागे वळून बघायचं नाही, त्यामुळे मान आखडली आहे. पाहुण्याची चाल गाभण म्हशीची आहे. सध्या रानाच्या कडेला विसाव्याला बसलोय आणि हे पत्र सावली विकणाऱ्याच्या गाडीतून पुढे धाडतोय. आम्ही पोचू तेव्हा गल्लीत कुणी खिडकीतून बघू नये असं सांगून ठेवा, नाहीतर ते शेजाऱ्यांच्या दारात थांबेल. पाणी तुम्ही स्वतःच्याच हातानं घाला. चूल त्याच्या नजरेआड, मागच्या पडवीत मांडली तर चालेल (आमच्या घराला मागची पडवी नाही, तुमच्याला आहे), कोळसेवाल्याकडून हे पक्कं विचारून घेतलं आहे. वहिनींना एवढ्यात सांगू नका.

ता. क. तिसरा – मी मागे बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. पण पावलांच्या आवाजावरून ती दोन असावीत. पश्चिमेकडचा कोपराही मोकळा करावा.