पऱ्हाटीच्या रंगाचं जाकीट

६ जानेवारी, सोमवार

शाळेने नाही म्हटलं! एकवीस वर्षं त्या शाळेचे गणवेश मी शिवले. आता तयार कपडे येणार म्हणे, कंपनीचे. मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि मग सांगितलं. मी तो चहा पिऊनही टाकला — घरी आल्यावर राग आला, की कशाला प्यायला!

मशीन दोन. बाई एक. बघू.

९ जानेवारी

कोपऱ्यावरचा मेडिकलवाला देवानंद आला. हातात एक फाटकं जाकीट, नुसते खिसेच खिसे. मला वाटलं पोलिसात लागला की काय! हसला.

"एअरसॉफ्ट खेळतो ताई आमी. बंदूक दिसाले खरी, पन प्लास्टिकचे छर्रे सुटतात. ज्याले लागला त्यानं 'लागली' म्हनाचं, हात वर कराचा अन् बाहेर निंगाचं."

मी विचारलं, आणि खोटं बोलला तर?

"नाई बोलत कोनी. त्याच्यावरच त चालते खेळ."

रहाटगावकडच्या एका रिकाम्या ले-आउटवर (प्लॉट पाडलेत, घरं नाहीत) दर रविवारी खेळतात. पाच जण. २ मार्चला अकोल्यात मोठी स्पर्धा आहे. एक बक्षीस जिंकणाऱ्या टीमला, दुसरं ज्यांचा पोशाख सगळ्यात खरा दिसेल त्यांना. देवानंदला दोन्ही पाहिजेत! पाच जाकिटं, पट्टे, खिसे, सगळं मी करायचं. "खरं दिसलं पायजे ताई, अन् पळताबी आलं पायजे."

गणवेशच तर आहे. हो म्हटलं.

१२ जानेवारी, रविवार

ले-आउटवर गेले, नुसतं पाहायला. वहीत लिहून आणलं ते असं —

मोबाईलवरून मागवलेली जाकिटं हिरवीगार. आपल्याकडे जानेवारीत हिरवं काय असतं? पिवळ्या गवतात पाच पोपट बसल्यासारखे दिसत होते.

देवानंदच्या बंदुकीवर खोटी दुर्बीण. त्यातून दिसत काहीच नाही, वजन मात्र अर्ध्या वरवंट्याचं. छातीवर खोटा वायरलेस. वाकला की हनुवटीला लागतो.

खिशांना वेल्क्रो. उघडला की खर्रर्र! मी रस्त्यावर उभी होते, तिथवर ऐकू आलं.

दामिनीच्या गॉगलवर वाफ धरते. (ही दामिनी कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. टीममध्ये मुलगी ती एकटीच. उंची माझ्याएवढी, जीभ माझ्याहून तिखट!) म्हणाली, "ताई, मले शत्रू दिसतच नाई. मी आवाजावर मारते."

हे सगळं खरं दिसतं म्हणून घेतलंय म्हणे. मला तर दसऱ्याची सोंगं वाटली.

१८ जानेवारी

पंजाबराव आले होते, पँटची चेन बसवायला. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. गल्लीच्या टोकाला राहतात, बायको जाऊन सहा वर्षं झाली. बटणं स्वतः लावतात, पँटचे पाय स्वतः टाचतात. चेन तेवढी जमत नाही.

टेबलावर देवानंदचं जाकीट होतं. बोटाने उचललं.

"हे कोनाचं लगन हाय?"

मी सांगितलं काय आहे ते. मला वाटलं हसतील. पँट तशीच ठेवून निघून गेले. चपला घालताना एवढंच — "खेळ नसते तो."

मला काय करायचं! पण दिवसभर हात चालला नाही.

२१ जानेवारी

पंजाबराव पुन्हा आले. पँट न्यायला, असं म्हणाले. चेन झाली नव्हती. बसले.

मग आपणहून बोलायला लागले. "फौजीच्या अंगावर शोभेचं काही नसते, शकुनबाई. जे हाताले लागते तेच राह्यते. बाकीचं पहिल्याच चढावर गळून पडते." पाण्याच्या बाटलीवर जुना मोजा चढवायचे, म्हणजे खडकाला लागून वाजत नाही. बक्कल चकाकलं तर त्यावर काळी पट्टी. पट्टा तुटला तर सुतळी. "खरा सैनिक कधी नवा दिसत नाई."

किती दिवस मी दोन वेगळे कागद करून बसले होते — एकावर 'खरं दिसेल', दुसऱ्यावर 'कामाचं'. हा माणूस दहा मिनिटांत बोलला आणि दोन्ही कागदांवर एकच यादी झाली!

मी विचारलं, मग रागावून का गेलात?

"माहा एक जोडीदार होता. त्याचं जाकीट मीच उतरवलं होतं." मी उठले. चहा केला.

२६ जानेवारी

देवानंद गाढव आहे! झेंडावंदनाच्या दिवशी पूर्ण पोशाख करून, बंदूक खांद्याला लावून पेट्रोल पंपावर फोटो काढायला गेला. बायका ओरडल्या, एक जण गाडी टाकून पळाला. दुपारपर्यंत चौकीत बसून होता. दामिनीने जाऊन समजावलं तेव्हा सुटला.

२७ जानेवारी

पंजाबराव दुकानात देवानंदला इतकं बोलले की मलाच त्याची दया आली. कारण, बंदुकीच्या टोकाचा नारिंगी रंग त्याने काळा केला होता. खरी दिसावी म्हणून!

"त्या नारिंगी टोकानं समोरच्याले समजते का हे खेळनं हाय. ते झाकलं अन् कोनी खरी गोळी घातली, तर चूक कोनाची?"

देवानंदने तिथेच बसून टोक खरवडलं. मी पाचही बंदुकांना लांब पिशव्या शिवायला घेतल्या, सोफ्याच्या उरलेल्या कापडाच्या, फुलाफुलांच्या. गाडीवर नेल्या तर गाद्या-लोड वाटतील. घरून मैदानापर्यंत पिशवीतच! हा माझा नियम. मोडेल त्याचं जाकीट परत घेणार.

३ फेब्रुवारी

कापड रंगवलं. हिरवं घेतलंच नाही, पांढरं जाडं कॅनव्हास आणलं. अकोल्याचं मैदान म्हणजे सरकी काढायची एक बंद पडलेली जिनिंग आणि तिच्यासमोर वेचणी झालेल्या कपाशीची उभी पऱ्हाटी. दामिनीने फोटो पाठवले होते. तपकिरी, राखी, मध्ये मध्ये काळी माती. कात, चहाचा चोथा, थोडा काळा रंग. पहिला तुकडा घाण विटकरी झाला. दुसरा बरा. तिसरा वाळत घातला आणि गच्चीवर गेले तर दोरीवर दिसेना! मागे भिंत होती ना, मातकट. मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

८ फेब्रुवारी

वेल्क्रो काढला. काज-बटण! मोठं लाकडी बटण आणि दोरीचा फास. अंगठ्याने ढकललं की सुटतो, आवाज नाही. एकवीस वर्षांत किती काजं केली असतील मी, देव जाणे. आज पहिल्यांदा कोणी माझं काज हातात घेऊन पाहिलं. पंजाबराव डोळे मिटून खिसा उघडत होते. बारा वेळा. "बराबर," म्हणाले.

त्यांच्या तोंडून 'बराबर' म्हणजे भारतरत्न!

पट्टे खाटेच्या नवारीचे. गुडघ्याला जुन्या सतरंजीचे थर. गॉगलला आतून साबणाचा पुसट हात आणि कपाळावर सुती घामपट्टी. ती दामिनीची युक्ती. खोटी दुर्बीण, खोटा वायरलेस — बाद. देवानंद रुसला.

१६ फेब्रुवारी, रविवार

घालून पळाल्याशिवाय समजत नाही म्हणून मीच घातलं. चव्वेचाळीसाव्या वर्षी! ले-आउटवर सरपटले, गुडघे फुटले. सतरंजीचे थर चार इंच खाली घ्यायला पाहिजेत. आणि डाव्या बाजूचे खिसे बाईच्या अंगाला पुढे येतात, ते बरगडीवर घ्यायचे. दामिनी म्हणाली, "मी चार महिन्यांपासून हेच सांगून राहिली, कोनी आयकतच नोतं!"

मग त्यांनी मला बंदूक दिली. सहज. पहिल्याच डावात दोघांना मारलं. देवानंद 'लागली' म्हणायलाच विसरला, इतका पाहत राहिला. सुईत दोरा ओवणारे डोळे आहेत हे!

१७ फेब्रुवारी

हिवरखेडहून वहिनीचा फोन. कोणीतरी फोटो दाखवला वाटतं. "लगनाचं वय गेलं अन् आता बंदुका घेऊन लोयून राहिल्या मातीत! लोकं काय म्हनतीन?"

म्हटलं, वहिनी, लोकं काहीच म्हणत नाहीत. हात वर करतात आणि बाहेर जातात.

२६ फेब्रुवारी

दामिनीच्या क्लासची नेमकी स्पर्धेच्या रविवारी परीक्षा. सुट्टी नाही. रडली बिचारी. मग म्हणाली, "जाकीट तुमच्या अंगाले बसते ताई. खेळ पाह्यलाच मी तुमचा."

देवानंद डोकं खाजवायला लागला. पंजाबराव कोपऱ्यातून — "ज्यानं शिवलं त्याले मालूम असते कुठं काय हाय."

मी जाणार!! झोपेचं खोबरं.

२ मार्च, रविवार, अकोला

क्रमाने लिहायचं ठरवलंय.

पोशाखाचं बक्षीस सकाळीच दिलं. नागपूरच्या टीमला. सगळं नवंकोरं, चकचकीत, हेल्मेटवर दिवे. आमच्याकडे पाहून त्यांचा एक जण म्हणाला, "ये लोग खेत से सीधे आए क्या?" देवानंदचं तोंड एवढंसं झालं. "दुर्बीन ठेवली असती त..." पंजाबराव म्हणाले, "खेळ व्हाचा हाय अजून."

पहिले दोन सामने जिंकलो. शेवटचा त्याच नागपूरशी. जिनिंगच्या आत निळं फडकं टांगलेलं, जो ओढेल तो जिंकला. चार मिनिटांत आमचे तिघं बाद. उरलो देवानंद आणि मी, ते चौघं. ऊन असं की माती भाजत होती.

मी पऱ्हाटीत आडवी पडले. सरकले. पुन्हा पडले. कानाशी फक्त वाळलेली बोंडं. आणि मग — खर्रर्र! डावीकडे, कापसाच्या गाठींच्या मागे. वेल्क्रो! आवाजावर मारलं. "लागली!" एक आडदांड माणूस हात वर करून उठला. त्याचा जोडीदार बंदूक भरायला गेला, त्याचाही खर्रर्र. तोही उठला.

माझे छर्रे संपले. डोळे जिनिंगच्या दारावर ठेवून डाव्या अंगठ्याने बटण ढकललं. सुटलं. आवाज नाही! छर्रे भरले, मारलं. दारातला माणूस माझ्या डोक्यावरून पाहत होता, तीस फुटांवर. त्याने 'लागली' म्हटलं तेव्हाही त्याला समजलं नाही कुठून.

देवानंद ओरडत उजवीकडून धावला, मुद्दाम. त्याला मारायला त्यांचा कॅप्टन वळला. देवानंद बाद. मी भिंतीला घासत आत गेले. कॅप्टन हातभर अंतरावर, गॉगल सगळा वाफेने पांढरा. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी मारलंसुद्धा नाही. त्याच्यासमोरून गेले आणि फडकं ओढलं.

जिंकलो!!!

बाहेर सगळे ओरडत होते. त्यात एक आवाज, "शकुन!" 'बाई' नाही, नुसतं शकुन. वळून पाहिलं तर पंजाबराव. लगेच खाली पाहायला लागले.

नंतर तो नागपूरचा कॅप्टन आला. माझा खिसा उघडत-मिटत राहिला कितीतरी वेळ. "कहाँ से मंगवाया?"

"मंगवाया नहीं. सिया. अमरावती में."

५ मार्च

नागपूर, यवतमाळ आणि अकोल्याच्या दोन — चार टीमची मापं आली. दुसऱ्या मशीनवर गल्लीतल्या मनकर्णाबाईला बसवलं. हात चांगला आहे तिचा. पाटीवर रंगाऱ्याकडून 'ब्लाउज, फॉल-पिको'च्या खाली 'एअरसॉफ्टचे जाकीट' लिहून घेतलं. रंगाऱ्याने दोनदा विचारलं, नक्की ना?

नक्की!

९ मार्च, रविवार

पंजाबरावांनी अकोल्याच्या एका टीममध्ये नाव दिलं! मला न सांगता. मी चिडून विचारलं, आमच्यात का नाही?

"एकाच टीममधी असलो त लोकं म्हनतीन, नवरा-बायको संगं खेळून राहिले."

कोण नवरा-बायको, म्हटलं.

ते हसले नाहीत. हातातली टोपी फिरवत उभे राहिले, उत्तराची वाट पाहत.

मी त्यांच्या छातीचं माप घेतलं. म्हटलं, लागली.