न खाल्लेलं संत्रं

१० सप्टेंबर २००१, सोमवार
आज शिकवणीत नूतनने विचारलं, "टीचर, तिला भूक लागलेली असते, हातात संत्रं असतं. मग ती खात का नाही?" तो सिम्बॉल आहे, असं म्हणून वेळ मारून नेली. ती म्हणाली, "सिम्बॉल असला तरी सोलता येतो ना?"

कादंबरी तिला एस.वाय.ला लावलेली आहे. इंग्रजी, शंभर वर्षांपूर्वीची. कपडे शिवणारी एक गरीब मुलगी एका मोठ्या घरी कामाला जाते. त्या घराच्या बागेत काचेची खोली आहे. बाहेर बर्फ पडत असतो आणि आत संत्री पिकतात. घरची बाई एकदा तिला एक संत्रं देते. मुलीला वाटतं, आता आपण या घरच्या झालो. ते संत्रं ती फळीवर ठेवते, रोज बघते आणि वाळवून टाकते.

नोट्स: संत्रं म्हणजे संपत्ती. काच म्हणजे वर्गभेद, आरपार दिसतं पण आत जाता येत नाही. वाळणं म्हणजे भ्रम. मुलगी फार भाबडी आहे. पहिल्या प्रकरणातच तिला कळायला हवं होतं.

संकल्प: एक, नूतनच्या प्रश्नाचं उत्तर शोधणे. दोन, रोज इंग्रजीची दहा पानं. तीन, नूतनच्या बंगल्यात 'नाय', 'हाय' तोंडातून येऊ न देणे.

१४ सप्टेंबर
दोन 'नाय' निसटले. एक 'हाय' अर्धा गिळला.

सहदेवदादाचा टोमणा. बिरवाडीच्या या खोलीत आम्ही दोघंच, तो एमआयडीसीत पॅकिंगला आहे. जेवताना म्हणाला, "महाडात बंगल्यात जातेस ती पुढच्या दाराने का मागच्या गो?" मागच्या. पण मी समजावलं की पुढच्या दाराने पाहुणे येतात, मागचं दार घरच्या माणसांचं असतं. तो म्हणाला, "मंग कचरेवाला पन घरचाच." दादा दहावीपर्यंतच शिकला. त्याला निरीक्षण करता येत नाही.

२७ सप्टेंबर
आज चहाच्या वेळी सगळे होते. साहेब, बाई, नूतन आणि तिचा भाऊ स्वराज. त्यांना कपबशी, मला स्टीलचा पेला. आधी थोडं लागलं. मग विचार केला, कपबशी म्हणजे औपचारिकता. स्वयंपाकाच्या सुंदराबाईंनाही स्टीलचाच पेला असतो, पण त्यांचं कारण वेगळं असेल.

स्वराजने विचारलं, काय शिकवताय. म्हटलं, क्लास अँड इल्यूजन. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग." पूर्ण वाक्य नव्हतं, पण थांबून म्हणाला.

इंग्रजीची पानं: तीन.

११ ऑक्टोबर
भागोजीकाका वाडीहून खोलीवर आले. पोलादपूरपर्यंत उतरून, मग एसटीने. वाडीत वस्तीशाळा मंजूर होतेय. पोरं ओढा ओलांडून खालच्या शाळेत जातात, पावसाळ्यात दोन-दोन महिने घरीच बसतात. वाडीतलंच शिकलेलं माणूस पाहिजे. म्हणाले, "आमच्यात तूच पयली बी.ए. हायस. तूच सांबाळ. दुसरं कोन हाय?" मी म्हटलं, विचार करते.

मला वाडीसाठी खूप काही करायचं आहे. पण मोठ्या पातळीवरून. गुरांच्या वाड्याशेजारी 'क कमळाचा' हे कुणीही शिकवू शकतं. माझ्या चुलत बहिणीला, मैनालाही जमेल, ती बारावी झालीय.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी
उद्या लक्ष्मीपूजन. आज शिकवणी झाल्यावर बाईंनी देवघरापुढे बोलावलं. स्वतःच्या हाताने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. नारळ दिला. साडी दिली, मोरपंखी, लाल काठाची. पिशवीवर चिठ्ठी होती, 'टीचर'. अक्षर स्वराजचं. त्याचा 'ट' मी ओळखते, नूतनच्या वहीत बघितलाय. म्हणजे साडी आणायच्या वेळी तो तिथे होता. टेबलाखाली आणखी पिशव्या होत्या, नातेवाइकांच्या असाव्यात.

मी काही अर्थ काढत नाही. पण मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. वस्तू उगीच दिल्या जात नाहीत.

चिठ्ठी कादंबरीत खूण म्हणून ठेवली.

१५ नोव्हेंबर, वाडी
आईने साडी उलगडली नाही. विचारलं, "कुंकू कुणी लावलं?" बाईंनी. "नारल पन दिला?" हो. "पोरगा काय करतो?" पुण्याला शिकून आलाय. आई उठली. हात धुतले आणि साडी, नारळ देवापुढे ठेवला.

आमच्याकडे परक्या घरच्या बाईने कुंकू लावून नारळ-साडी दिली, की मुलगी ठरली. दुसरा अर्थ नाही. आईला सांगणार होते की शहरात इतकं सरळ नसतं. पण ती चुलीपुढे बसून एकटीच हसत होती. वडील गेल्यापासून तिला असं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी साखर घेऊन घरोघर गेली. मी थांबवलं नाही. थांबवायला आधी माझी खात्री असायला हवी.

२६ नोव्हेंबर
भागोजीकाकांना पत्र. वस्तीशाळेसाठी माझा विचार करू नये, माझी जबाबदारी पुढे वेगळी असण्याची शक्यता आहे. पत्र चांगलं झालं. 'शक्यता' हा शब्द मुद्दाम घातला, नम्रता राहते.

दादाने वाचलं. म्हणाला, "कुनी काय बोललंय तुला? तोंडाने?" मी म्हटलं, प्रत्येक गोष्ट तोंडाने बोलायची नसते. तो म्हणाला, "लग्नाची असते गो."

इंग्रजीची पानं: शून्य. मन लागत नाही.

८ डिसेंबर
बाई म्हणाल्या, सोळा तारखेला रविवारी घरी साखरपुडा आहे, टीचर, तुम्ही सकाळीच या. आलेल्या बायकांना दारात कुंकू लावायला शिकलेलं, नीट बोलणारं कुणीतरी हवं. आणि दिवाळीची साडी नेसून या.

नूतनचा असणार. वाईट वाटलं, परीक्षा तोंडावर आहे. पण दारात मी. ते काम घरची बाई करते.

साडी अजून देवापुढेच आहे. वाडीचा मुरारी शनिवारच्या बाजाराला आला होता, त्याच्याकडे आईला निरोप दिला: सोळाला बंगल्यात साखरपुडा आहे, साडी पाठव.

१२ डिसेंबर
मुरारीने साडी आणून दिली. सोबत आईने हिरव्या काचेच्या बांगड्या पाठवल्यात, डझनभर. मोरपंखीवर हिरवा शोभतो. आईला मॅचिंग कळतं हे माहीत नव्हतं.

१६ डिसेंबर
लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी याचाही दुसरा अर्थ लावीन.

सकाळी आठला पोचले. मागच्या दारात सुंदराबाई भेटल्या. मोरपंखी साडी, लाल काठ. त्यांच्यामागे ड्रायव्हर धोंडूची बायको, तीच साडी. भांडीवाली, तीच. सुंदराबाई म्हणाल्या, "आल्या का टीचर? दर वर्सी असंच. दिवालीला देतात नि घरच्या कार्याला नेसायला सांगतात. पावण्यांना कलतं, पानी कुनाकडे मागायचं." त्यांच्या साडीची पिशवी खुंटीला होती. चिठ्ठी, 'सुंदराबाई'. त्यात 'ट' नव्हता, पण तेच अक्षर.

साखरपुडा नूतनचा नव्हता. स्वराजचा. मुलगी पुण्याची.

मी कुंकवाचं तबक घेऊन पुढच्या दारात उभी राहिले. पहिल्यांदाच पुढच्या दारात. बायका येत होत्या, मी कपाळाला बोट लावत होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि त्याचं मला बरंच वाटत होतं.

साडेदहाला पायऱ्यांवर आई.

ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात नारळ बांधलेला रुमाल. पहाटेच निघाली असणार. वर येताना चपला खालच्या पायरीशी काढल्या. माझ्या हातातल्या बांगड्या बघितल्या. मग माझ्या मागे बघितलं. सुंदराबाई सरबत घेऊन चालल्या होत्या. आईने त्यांची साडी बघितली, मग माझी, मग परत त्यांची. मला जे कळायला महिना लागला ते तिला तेवढ्यात कळलं.

बाई मागून आल्या. विचारलं, "कोण गं या?"

मी म्हणाले, "आमच्या वाडीतल्या आहेत." 'आहेत' स्वच्छ आलं.

आईने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "हां, वाडीतलीच. बाजाराला आल्यालू. म्हटलं पोरीला बघून जावं." बाई म्हणाल्या, जेवल्याशिवाय जाऊ नका, मागे बसा. आई म्हणाली, गाडी हाय. मी तिच्या कपाळाला काहीच लावू शकत नव्हते, वडील नाहीत. तबक घेऊन तशीच उभी राहिले. ती पायऱ्या उतरली, चपला घातल्या. रुमालातला नारळ परत घेऊन गेली.

जाताना प्रत्येकीला पेढ्यांचा बॉक्स मिळाला. माझ्या बॉक्सवर चिठ्ठी, 'टीचर'. त्या घरात माझं नाव कुणी कधी विचारलंच नाही. मीही सांगितलं नव्हतं.

१७ डिसेंबर
दादाला सांगितलं. त्याने माझं ताट वाढलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१९ डिसेंबर
नूतनने विचारलं, टीचर, बरं नाही का. नोट्स पूर्ण करून दिल्या. वर्गभेदावर दोन पानं, चांगली झालीत. संत्र्याच्या प्रश्नापुढे जागा कोरी ठेवली.

२३ डिसेंबर, रविवार, वाडी
वस्तीशाळा मैनाला मिळाली. बरोबरच आहे, मीच पत्र दिलं होतं. गुरांच्या वाड्याशेजारी तिने जमीन सारवून घेतलीय. आतून पाढ्यांचा आवाज येत होता. आज रविवार आहे, तरी पोरं आली होती.

आई लाकडं फोडत होती. मी आल्याचं बघून भाकरी टाकायला उठली. साखरपुडा कुणाचा होता ते वाडीत तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. विहिरीवर बायका तारीख विचारतात, ती म्हणते, ठरवतायत.

जेवण झाल्यावर मी पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि वरच्या घरापासून सुरुवात केली. आईने साखर वाटली होती त्याच क्रमाने. प्रत्येक दारात हातावर एक पेढा ठेवला आणि म्हणाले, बंगल्यातल्या मुलाचा साखरपुडा झाला. माझा नाय. माझा कधीच नव्हता. आई माझ्या सांगण्यावर बोलली. बंगल्यात आई दारात आली तेव्हा मी 'वाडीतल्या आहेत' म्हटलं. हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं, तरी प्रत्येक घरी सांगितलं.

भागोजीकाकांनी पेढा हातात फिरवला. "मंग आमी साखर खाल्ली ती कुनाची गो?"

म्हटलं, "माझीच काका. ती परत करायलाच आलेय."

काका म्हणाले, "बस. पानी पी."

शेवटच्या घरापर्यंत पेढे पुरले. खाली आले तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, आमच्या वाडीत एवढं जातंच. बॉक्समध्ये एक उरला होता. तिच्यापुढे धरला. तिने अर्धा मोडून घेतला. उरलेला अर्धा मी ठेवला नाही. तिथेच उभ्याने खाल्ला.