वास नसलेलं व्हिनेगर

३ मार्च, मंगळवार
वासच नाही! संत्र्याची सालं व्हिनेगरमध्ये इतके दिवस मुरली, आज बरणी उघडून नाक आत घातलं — काही नाही. ना संत्रं, ना व्हिनेगर. व्हिनेगर आणतात जाऊबाई, ओटे-फरशी पुसायचं पाणी बनवते मी, विकतो दोघी मिळून. पाणी घातलेलं आणलं की काय? छे, जाऊबाई तसं करायच्या नाहीत. पण मग?

५ मार्च
सर्दी गेली, आता डोक्याला हा नवा ताप. विकायच्या बाटल्यांत व्हिनेगर दुप्पट घातलं. तरी नाही! यांना हुंगायला दिलं तर ठसका लागला. म्हणे, "जीव घेतेस का?" हे कायम आपल्या वहिनीचीच बाजू घेणार. सकाळी दूध करपलंय म्हणून कपही सरकवून ठेवला. मी प्यायले की! नखरे नुसते.

८ मार्च, रविवार
शिंपीणबाई तक्रार घेऊन आल्या. आमच्या पाण्याने त्यांच्या संगमरवरी ओट्याची चकाकी गेली. आंबट जास्त झालं की संगमरवर खातं, हे मलाही ठाऊक आहे. पण असलं मिळमिळीत व्हिनेगर काय खाणार? म्हटलं, तुम्हीच दुसरं काही लावलं असेल. त्या बाटली ठेवून गेल्या. मला कसंसंच झालं.

९ मार्च
व्हिनेगरमध्ये सोडा टाकून पाहिला. नुसतं पाणी असतं तर गुपचूप विरघळला असता. इथे फेस कपाबाहेर, ओट्यावर, माझ्या पायावर! जिभेला लावलं — आंबटढाण. म्हणजे माल अस्सल. मग वास गेला कुठे? डोकंच चालेना.

११ मार्च
शेवटी बोलले. जाऊबाईंना म्हटलं, यात काय मिसळता ते एकदा सांगून टाका. त्यांनी कॅनचं झाकण काढलं, वास घेतला, झाकण परत घट्ट लावलं.
"माझ्यावर विश्वास नसेल तर उद्यापासून तू वेगळी, मी वेगळी."
एवढंच. जिना चढून आपल्या घरी गेल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. फार रडले. तरी वाटतं — काहीतरी मिसळतातच.

१२ मार्च
दुपारी चहा टाकायला काडी ओढणार, तेवढ्यात जाऊबाई धावत खाली आल्या. माझा हात घट्ट धरला, काडेपेटी हिसकावून घेतली, सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. "अगं, गॅसचा वास वर माझ्या घरापर्यंत येतोय. तुला येत नाही?"
मी हुंगलं. पुन्हा हुंगलं.
नाही येत.