डीपकव्हरचं म्हणणं

प्रिय विलास,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू दीड मिनिटात ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस आणि मला सांगायचंय अर्ध्या तासाचं, म्हणून सरळ लिहायला बसले. आज शुक्रवार. लॅबमध्ये माझी शिफ्ट दुपारची आहे, तुझा मेहुणा राजीव ऑफिसला गेलाय, तुझा मुलगा युनिव्हर्सिटीत. टपालाने टाकलं तर नाताळात पोचेल, आणि मला ते उद्या सकाळच्या आत तुझ्या हातात हवंय, म्हणून ईमेल.

वेदचं नाव आलं म्हणून लगेच बंद करू नकोस. आठ महिने झाले, दर रविवारी श्यामला लेकाला फोन करते आणि दर रविवारी ‘बाबा अंघोळीला गेलेत’ असं सांगते. अरे, एवढी अंघोळ तर कुंभमेळ्यातसुद्धा कोणी करत नाही! मला कळतं तुझं. पोराला सहा वर्षांचा असल्यापासून क्रिकेटच्या मैदानावर वाढवलंस, तुझ्या कोचिंगमधल्या इतर पन्नास पोरांपेक्षा त्याच्यावर जास्त ओरडलास, अंडर-नाइन्टीनच्या दारापर्यंत नेलंस, आणि हा इथे कांगारूंच्या देशात इंजिनिअरिंग शिकायला येऊन अमेरिकन फुटबॉल खेळायला लागला. हेल्मेट घालून केलेली धक्काबुक्की, हे तुझे शब्द. मीही पहिल्या दिवशी साधारण हेच म्हणाले होते. पण ते वेड त्याच्या डोक्यात भरलं तुझ्यामुळेच, हे मी तुला कधी सांगितलं नाही. पॅरामॅटाच्या पार्कात आम्ही डबा खात होतो, लांबून कोणाचा तरी बॉल आमच्याकडे घरंगळत आला आणि वेदने बसल्या जागेवरून उठून तो परत फेकला. साठ मीटर तरी असेल, सपाट, सरळ त्या माणसाच्या छातीवर. तो माणूस कॉकटूज नावाच्या क्लबचा कोच निघाला. हात आमच्या पोराचा, पण तो घडवला कोणी?

आता मी तुला खेळ शिकवते, ऐकून घे. वेदची जागा क्वार्टरबॅकची. बॉल पहिल्यांदा त्याच्या हातात येतो, समोरून शंभर-शंभर किलोचे चार गडी त्याला आडवा करायला धावतात, आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्याने पुढे पळणाऱ्या आपल्या माणसाकडे बॉल फेकायचा. टीमचा खरा क्वार्टरबॅक मिच, एकोणतीस वर्षांचा, अनुभवी. जुलैमध्ये त्याचा गुडघा गेला म्हणून वेदला उभा केला. कोचने तेव्हाच सांगून ठेवलं होतं की सेमीफायनलपर्यंत मिच बरा होईल, तोवर वेद सुधारला तर जागा वेदची, नाहीतर मिचची. त्यामुळे गेले चार महिने आमच्या सगळ्या शनिवारांचा एकच विषय आहे, पोरगा खरंच सुधारतोय का.

आम्ही म्हणजे तिघं, कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसणारे. मी, आमच्या शेजारच्या फ्लॅटमधला ठाण्याचा कुमार, आणि डग नावाचे रेल्वेतून रिटायर झालेले आजोबा, जे या क्लबची प्रत्येक मॅच तीस वर्षं बघतायत. डगचं मत ठरलेलं, पोरगा सुधारतोय, काही झालं तरी ‘ही’ज कमिंग गुड, लव्ह’. कुमार आयटीतला, त्यामुळे त्याचं लॅपटॉपशिवाय पान हलत नाही. तो सांगतो की सुरुवातीला वेदचे शंभरातले एक्केचाळीस बॉल आपल्या माणसांनी झेलले, आता अठ्ठावन्न झेलतात, पण लीनाताई, हे सगळे जवळचे, सोपे बॉल आहेत, लांबचा त्याने सोडूनच दिलाय, मग याला सुधारणा म्हणायचं का? मी म्हणते, अरे मेल्या, बॉल हातात गेला ना, मग लांबचा काय नि जवळचा काय! डबे उघडले तरी भांडण चालू. डगना आता थालीपीठ आवडायला लागलंय, पण ते त्याला पॅनकेकच म्हणतात.

आणि चौथा एक होता. क्लबची मॅच इंटरनेटवर लाइव्ह दिसते, खाली ज्याला जे वाटेल ते लिहिता येतं. तिथे ‘डीपकव्हर’ नावाने एक जण लिहायचा. नाव क्रिकेटचं, इंग्रजी जुन्या शाळेचं, कौतुकाचा दुष्काळ. त्याचं पहिलंच म्हणणं असं, की या मुलाचा हात सोन्याचा आहे, पण तो स्टंपवर फेकतोय आणि स्टंप पळत नाहीत. कुमारने ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा डग खुर्चीतून उठून उभे राहिले. महिनाभर कोणालाच न दिसलेली गोष्ट त्या माणसाने पहिल्या अर्ध्या तासात पकडली होती. वेद लहानपणापासून बाउंड्रीवरून कीपरच्या ग्लोव्हजमध्ये फेकत आलाय. कीपर आपला एका जागी उभा. इथे माणूस पळत असतो, त्यामुळे बॉल त्याच्या पाठीमागे पडायचा. फेकायचा तो रिकाम्या जागेवर, जिथे तो माणूस अजून पोचायचाय. अशी चूक कॉकटूजच्या इतिहासात कोणी केली नव्हती रे, कारण त्यांच्यात तुझ्या हाताखाली वाढलेला कोणी नव्हता!

मग दर शनिवारी मी मॅच कमी आणि डीपकव्हर जास्त बघायला लागले. आकडे वाढले म्हणून आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेव्हा त्याने लिहिलं की हा मुलगा सुधारलेला नाही, फक्त घाबरून जवळ फेकायला शिकलाय. कुमार खूश, मी भडकले. पुढे तीन आठवड्यांनी लिहिलं, आज तिसऱ्या क्वार्टरमध्ये डावीकडे फेकलेला एक थ्रो बरोबर होता, एकच. तो थ्रो मी पाहिला होता, विलास. बॉल सुटला तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं, मला वाटलं गेला वाया, आणि तो पळणारा पोरगा कुठून तरी आला आणि बॉल अलगद त्याच्या हातात उतरला. मी इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये घशातून आवाज निघेना. त्यानंतर एकाचे पाच झाले, पाचाचे नऊ. पहाटे साडेपाचला उठून पोरगा गॅरेजच्या दारासमोर पावलांचा सराव करायचा. इतक्या चिकाटीने काही करणारं माणूस मी आपल्या घरात एकच पाहिलंय, आणि ते कोण हे तुला माहितेय.

हा डीपकव्हर आहे तरी कोण, यावरही आमचा खल झाला. ऑक्टोबरात आमची घड्याळं तासाने पुढे गेली, त्यानंतरच्या शनिवारी तो बरोब्बर तासभर उशिरा उगवला. कुमारने लगेच शोध लावला, क्वीन्सलँडवाले घड्याळं पुढे करत नाहीत, म्हणजे तिथल्या टूवूंबाकडचा कोणी म्हातारा शेतकरी असणार, तरुणपणी क्रिकेट खेळलेला. आम्ही तिघांनी ते मान्य करून टाकलं. मी तर मनात त्याला गमबूट आणि टोपीसुद्धा चढवली. आहेच मी बावळट.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट ऐक. तीन आठवड्यांपूर्वी वेदची मॅच फार वाईट गेली. तीन बॉल थेट समोरच्या टीमच्या हातात. मिच पायात पट्टा बांधून पळायला लागला होता, कोचचा चेहरा उतरलेला, डगनीसुद्धा पॅनकेक खाली ठेवलेला. तेवढ्यात डीपकव्हरने लिहिलं, ‘दमला की हा कोपर खाली पाडतो, उजवा खांदा वाचवायला. तो खांदा एकदा निखळलाय. जे त्याच्याकडून मागायला नको होतं ते मागितलं गेलं होतं. त्याला एक आठवडा बाहेर बसवा.’ माझं डोकंच फिरलं. जागा जायची वेळ आलेली आणि हा म्हणतो बाहेर बसवा! मी तिथेच सगळ्यांसमोर लिहिलं की तू कोण टिकोजीराव, आयुष्यात एक तरी मूल वाढवलंयस का, घरी बसून दुसऱ्याच्या पोराचे खांदे मोजतोस ते. त्यावर उत्तर आलं, ‘सॉरी, मॅडम.’ आणि तो गेला. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. इकडे गेल्या शनिवारी वेद चक्क बाकावर बसला आणि ती अख्खी मॅच मिच खेळला. मला वाटलं, त्या माणसाची जीभ काळी.

काल गुरुवारी प्रॅक्टिसहून त्याला गाडीतून आणत होते. सिग्नलला थांबलो असताना मी पुन्हा डीपकव्हरला शिव्या घातल्या, तर वेद खिडकीबाहेर बघत म्हणाला की आत्या, बाबांना असं नको बोलूस. माझा पाय ब्रेकवरून सुटलाच असता. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. स्टंप पळत नाहीत हे वाचलं तेव्हाच. कोणाला सांगितलं नाही, कारण आपल्याला ओळखलं असं कळलं तर बाबा लिहायचं बंद करतील अशी त्याला भीती होती. आणि खांद्याचं त्याने सांगितलं तेव्हा तर मी गाडी कडेला घेतली. आम्हाला, श्यामलालासुद्धा, तुम्ही दोघांनी सायकलवरून पडला असं सांगितलं होतं ना? तेराव्या वर्षी, तापातून उठलेल्या पोराला तू बाउंड्रीवरून शंभर थ्रो टाकायला लावलेस, आणि सत्तराव्याच्या आसपास खांदा निखळला, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. आठ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तू परक्या नावाने, परक्या लोकांसमोर लिहून टाकलीस, आणि नेमकं तेव्हाच तुझ्या सख्ख्या बहिणीने तुला हाकलून लावलं. विलास, मी साठ वर्षांत तुझी कधी माफी मागितलेली नाही. आज मागते. चुकले मी. रात्री डोळ्याला डोळा नाही.

म्हणून हे पत्र. तू त्याला बाकावर बसलेला पाहिलं असशील, तर आपल्या एका शब्दाने पोराची जागा गेली असं तुला वाटत असणार, आणि तू तसाच कुढत बसशील, ओळखते मी तुला. त्याला कोणी काढलेलं नाही. तो स्वतः कोचकडे गेला, खांदा दाखवला आणि एक आठवडा बाहेर बसतो म्हणाला, कारण डीपकव्हरने तसं लिहिलं होतं. फिजिओनेही तेच सांगितलं. काल प्रॅक्टिसमध्ये कोपर वर होतं, नऊ लांबचे बॉल टाकले, आठ झेलले गेले, आणि कोचने नाव वाचलं वेदचं. उद्या सेमीफायनल तो खेळतोय. इथे दुपारी एक, तुझ्याकडे सकाळी साडेसात. लिंक तुझ्याकडे आहेच, मी कशाला पाठवू. लिहायचं ते कोणत्याही नावाने लिही, पण लिही. आणि आणखी एक. तुला सांगेन असं मी त्याला म्हटलं नाही, त्याने सांगू नकोस असंही म्हटलं नाही. त्याचा खांदा चाळिसाव्या थ्रोलाच दुखायला लागला होता. तो बोलला नाही, कारण त्या दिवशी मैदानावर बाकीचे पन्नास नव्हते आणि बाबा एकट्या त्याच्याकडेच बघत होते.

तुझीच, भांडखोर,
लीनाताई